विहिरीत उतरलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. जुनी म्हणालात तर राग नाही, खरंच आहे मी जुनी. पण कुणी पायपुसणं म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे!

माझा जन्म सांगोल्याकडचा. काळ्या मेंढरांची लोकर कातरली, पिंजली, धनगरणीने तिचं सूत काढलं आणि तिच्या नवऱ्याने मला मागावर विणलं. मग चिंचोक्याची खळ पाजून कडक उन्हात वाळवलं. अशी ताठ झाले की विचारू नका. कोपऱ्यात उभी केली तर उभीच राहत होते, सासुरवाशिणीसारखी वाकत नव्हते.

करमाळ्याच्या बाजारात गोजरबाईने मला उचललं. हुंगलं, ओढलं, उन्हाकडे धरून पाहिलं. "लोकर हाय का काथ्या?" असंही विकणाऱ्याला विचारलं. मला तेव्हाच कळलं, ही बाई माझ्याच जातकुळीची. जरा टोचणारी, पण ऊब देणारी.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वाडीत तिचं घर होतं. पावसात मी तिच्या डोक्यावर खोळ झाले. तिची दोन्ही लेकरं, कुंडलिक आणि मानसिंग, माझ्यावरच रांगली. त्यांनी मला काय काय पाजलं ते चारचौघांत सांगत नाही. पाहुणा आला की आधी मला अंथरायचे, मग पाणी द्यायचे. असा मान होता बरं!

पुढे कुंडलिकचं लग्न झालं. त्याच्या बायकोने, मुक्ताबाईने, माहेराहून सोलापुरी चादरी आणल्या. मऊ, रंगीत, मोराच्या नक्षीच्या. झालं! मी टोचते म्हणून मला धान्याच्या कणगीमागे टाकलं. उंदराने एक कोपरा कुरतडला, तरी कुणी विचारलं नाही. मी मात्र सगळ्यांना मनातल्या मनात चांगली चार वाक्यं ऐकवली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरची विहीर आटली. कुंडलिक आणि मानसिंग ती आणखी खोल खणू लागले. खडक फोडायला शिवलिंगप्पा नावाचा सुरुंगवाला यायचा. तो बोलता बोलता कानडी होणारा, गोजरबाईला 'अव्वा' म्हणजे आई म्हणणारा, शांत माणूस. त्याचा एक नेम होता. सुरुंग उडवल्यावर खाली उतरण्याआधी तो पेटता कंदील दोराने आत सोडायचा. कंदील विझला तर खाली विषारी हवा आहे असं समजायचं आणि कुणी उतरायचं नाही.

एकदा संध्याकाळी त्याने सुरुंग उडवला आणि तो गावी गेला. दुसरा दिवस अवसेचा. अवसेला आमच्याकडे कुदळीला हात लावत नाहीत. शेरडं पडू नयेत म्हणून विहिरीवर फळ्या आणि पत्रे टाकून ठेवले. तिथंच चूक झाली. धूर आतच कोंडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकने फळ्या काढल्या. गोजरबाई म्हणाली, "शिवलिंगप्पा यीऊ दे. कंदील तरी सोड."

"आये, एक दीस गेला की मधी. धूर काय मुक्कामाला ऱ्हातोय व्हय?" असं हसून तो उतरला.

तळाला पोचला आणि आडवा झाला. हाका मारल्या तरी ओ नाही.

मानसिंग दोराकडे धावला. गोजरबाईने त्याचं धोतर पकडलं ते सोडलंच नाही.

"आये, सोड! दादा मरतोय!"

"आन तू गेलास म्हंजे तो उठंल व्हय? दोघांना एकदम रडू का मी?" तिने कंदील पेटवून खाली सोडला. तो अर्ध्यावरच विझला. तशी तिने पदर खोचला. "मी उतरते. माझं काय, आता गवऱ्या मसणात गेल्यात."

मुक्ताबाई विहिरीच्या काठावर उभी होती. खाली तिचाच नवरा. पण तीच बोलली, "आत्याबाई, तुमी उतरून ते वर येतील का? मग कुणी उतरू नका. आदी हवा काढा."

तेवढ्यात शिवलिंगप्पा एसटीतून उतरून पळत आला. विझलेला कंदील पाहूनच तो काय ते समजला. म्हणाला, "अव्वा, जाड घोंगडी हाय का? लवकर!"

मुक्ताबाईने मला कणगीमागून ओढून काढलं. माझ्या चार कोपऱ्यांना दोर बांधले. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला आधी माझाच जीव आठवला. खाली धारदार खडक. मी म्हटलं, एवढ्या लाडाच्या चादरी आहेत घरात, त्यांना सोडा की! मग कणगीमागचे दिवस आठवले आणि वाटलं, ज्यांनी टाकलं त्यांच्यासाठी मी का फाटू? आणि लगेच दिसला तो रांगणारा कुंडलिक. मग काही वाटेनासं झालं.

मला खाली सोडत, झपकन वर ओढत. पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक खेपेला मी पोटात विषारी हवा भरून आणली आणि स्वच्छ हवा आत लोटली. कडेचे खडक मला ओरबाडत होते. तिसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत मिणमिणत राहिला.

शिवलिंगप्पाने कमरेला दोर बांधला. "मी हाक मारायचा थांबलो की दोर वढा. इचार करू नका."

वर मानसिंग धरून वाडीतली सहा माणसं दोर धरून उभी राहिली. शेजारचा नागप्पा एका हाताने थोटा, म्हणून हात अकराच. मला पुन्हा खाली सोडलं; तिथं शिवलिंगप्पाने कुंडलिकला माझ्यात गुंडाळलं आणि झोळी बांधली. मी वर निघाले. अर्ध्या वाटेत एका कपारीत माझी किनार अडकली आणि टर्रकन फाटली. एकेक धागा तुटत होता. मी प्रत्येक धाग्याला म्हणाले, आज नाही रे, उद्या तूट. धाग्यांनी माझं ऐकलं.

कुंडलिक काठावर आला. तेवढ्यात खालची हाक थांबली. अकरा हातांनी दुसरा दोर ओढला. शिवलिंगप्पा वर आला तेव्हा ओठ निळे, पण श्वास चालू.

थोड्या वेळाने कुंडलिकने डोळे उघडले. "पानी," म्हणाला.

गोजरबाईने त्याच्या थोबाडीत एक दिली. "मुडद्या, पानी काढाया गेलास आन पानीच मागतोस व्हय?" आणि मग त्याला कवटाळून ती अशी रडली की शेरडंसुद्धा गप्प झाली.

दुपारी तिने मला झटकून, फाटकी होते तशीच ओसरीवर अंथरलं आणि शिवलिंगप्पाला माझ्यावर बसवलं. त्याला भाकरी वाढली आणि दम दिला, "तुला घरदार न्हाय व्हय रं? तुझी बायको मला काय म्हनली असती? तुझा कोन लागत हुता तो, जीव द्यायला निघालास?"

तो भाकरी मोडत म्हणाला, "जीव द्यायला कोन उतरतंय, अव्वा? वर दोर तुमी धरलावता की. म्हनून उतरलो."

गोजरबाईने न विचारता त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आता घरची माणसं सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या खोलीत राहतात. मला दर महिन्याला ऊन दाखवतात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. माझा जन्म सार्थकी लागला. मला विणणाऱ्या हातांचे आणि ओढणाऱ्या अकरा हातांचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, दुसऱ्यासाठी आपला जीव द्यावा का? मी अडाणी लोकर, मला मोठं काय कळणार? पण एवढं सांगते. डोळे मिटून उडी घालू नका. आधी कंदील सोडा, मग कमरेला दोर बांधा. आणि कधी कुणी तुमच्या माणसासाठी खाली उतरलं, तर हाताची सालं निघाली तरी दोर सोडू नका.