तानूबाईच्या हातासमोरचा माणूस

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. मी फोटो मोठे करणारा एन्लार्जर. लोखंडी खांब, वर बल्बचं डोकं, खाली भिंग. निगेटिव्ह माझ्या तोंडात धरायची आणि दिवा लावायचा, की खालच्या कागदावर चित्र पडतं. कागद औषधाच्या पाण्यात हलवला, की त्यातून हळूहळू माणूस वर येतो. लबाडी मला येत नाही. ती माझ्याकडून करवून घेतली गेली.

इंदापुरात सावळारामच्या स्टुडिओत माझा जन्म गेला. पुण्याहून एसटीच्या टपावर, गोणपाटात बांधून आलो होतो. सावळाराम वाईट नव्हता, आणि तीच तर अडचण. स्टुडिओत एक कोट होता आणि एक घड्याळ. वरकुट्याचा मेंढरं राखणारा असो की वडगावचा ऊसवाला, फोटोला बसला की तोच कोट, तेच घड्याळ. घड्याळ बंद पडलेलं. त्या काळचे फोटो गोळा करा, अर्ध्या तालुक्यात कायम सव्वाचारच वाजलेले दिसतील. पण कोट अंगात गेला की गडी खूश, आणि गडी खूश की सावळाराम खूश.

त्याची मुलगी रतन मात्र कोटाशिवायची माणसं शोधायला निघाली. १९९४ साली वर्षभर ती बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजारात कॅमेरा घेऊन हिंडली. दुपारी काळा पडदा ओढून आम्ही दोघं कामाला लागायचो. ओले फोटो ती दोरीला चिमट्यांनी टांगायची, लांबून बघायची, क्रम बदलून पुन्हा टांगायची. शेवटी अकरा उरले. पहिल्यात टेम्पोतून उतरणाऱ्या पाट्या, शेवटच्यात उठलेल्या बाजारातली शेपूची एक काडी. आणि मधोमध तानूबाई.

तानूबाई शेळगावची, वांगी विकणारी. पायरीसमोर बसली म्हणून कापडदुकानदारानं तिची पाटी लाथेनं उडवली, तो क्षण रतनला सापडला होता. रस्ताभर वांगी, पदर खांद्यावर घसरलेला, हात उगारलेला, आणि समोर दुकानदार, एक पाय अजून हवेत.

वाचनालयात प्रदर्शन ठरलं. रतन पुठ्ठे आणायला बारामतीला गेली, त्या दुपारी सावळारामनं ती निगेटिव्ह माझ्या तोंडात घातली. कागदाच्या चौकटीची पट्टी बोटभर सरकवली. दुकानदार कागदाबाहेर गेला! मग फोटो वाळल्यावर बारीक कुंचल्यानं तानूबाईच्या डोक्यावर पदर काढला. "बाईमाणसाची अब्रू राहिली," तो पुटपुटला. अब्रू म्हणे! त्या दुकानदाराच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं आणि फोटोचं काम सावळारामकडे होतं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि दिवा कोणाचा? माझा. त्याची चीड मला आजही येते.

फोटो पुठ्ठ्यांवर चिकटवायला आणि भिंतीवर टांगायला बापच पुढे धावला, म्हणून रतनला संशय आला नाहीच, उलट ती हरखली होती.

प्रदर्शन उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तानूबाई तो फोटो भिंतीवरून उतरवून थेट स्टुडिओत आली. मागे रतन, रागानं लाल.

"आबा, ह्यो हात म्या कुणावर उगारलाय? वाऱ्यावर? लोक हसत्यात. म्हणत्यात, म्हातारीच्या अंगात आलंय!"

"अगं तानूबाई, डोक्यावर पदर दिलाय की."

"माझा पदर माझ्यापाशी हाय. लाथ मारनारा कुठं हाय त्यो सांगा."

सावळाराम उठला, निगेटिव्ह हातात घेतली आणि कात्री उचलली. "रते, लग्नाचं काम जाईल. बाजारात तोंड दाखवायचंय मला."

"आणि तिला न्हाय दाखवायचं?" रतननं निगेटिव्ह हिसकावली. "आबा, माणसं सजवा तुमी. पुसू नका."

तिनं पडदा ओढला. पट्टी आधी होती तिथं परत नेली, दिवा लावला. कागद पाण्यात गेला. आधी हात आला, मग वांगी, मग हवेतला तो पाय.

"आला बघ मेला!" तानूबाई ओरडली. "धर त्याला पोरी, बुडू दिऊ नगंस!"

सावळाराम कात्री धरून कोपऱ्यात उभा होता. कागद गडद व्हायला लागला, तसं त्याला राहवेना. "अगं, काढ आता, दुसऱ्या पाण्यात टाक. न्हायतर सगळंच काळं पडंल," असं म्हणत त्यानं कात्री ठेवली आणि स्वतःच तो कागद उचलून दुसऱ्या पाण्यात बुडवला. नवा फोटो वाचनालयात लागला आणि लग्नाचं काम गेलंच. दुकानदारानं पुढे कधी ओळख दाखवली नाही.

मग रंगीत फोटो आले आणि मला माळ्यावर चढवलं. भिंगावर बुरशी धरली आहे. त्या अकरा निगेटिव्ह शेजारच्या बिस्किटाच्या डब्यात दमटपणानं एकमेकींना चिकटताहेत. डबा कोरड्या जागी ठेवावा, एवढंसुद्धा कोणाला सुचत नाही.

मित्रांनो, माझं भिंग पुसलं नाहीत तरी चालेल. तो डबा तेवढा उघडा. आणि जुन्या फोटोत कोणी एकटंच हात उगारून उभं दिसलं, तर हसण्याआधी समोर कोण होतं ते विचारा.