सनमायकावर अडकलेला ठोकळा

माझी सून मिनल नंदनवन भागातल्या एका शाळेत कंत्राटावर विज्ञान शिकवत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर तिचा नमुना पाठ होता. तो पटला तर नोकरी कायम, नाही तर कंत्राट संपलं. माझा मुलगा धर्मेंद्र डायलिसिसवर गेल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं.

पाठ घर्षणाचा. तिने एका फळीवर शेजारी शेजारी गोणपाट, काचकागद आणि सनमायका चिकटवला होता. ठोकळा ठेवायचा, फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, आणि तो कशावरून आधी घसरतो ते मुलांनी पाहायचं. घरी तिने हे इतकं घोकलं की धर्मेंद्र खाटेवरून म्हणाला, "आता माह्या सपनात बी ठोकळाच घसरते."

ऑटोत फळी धरायला म्हणून मी सोबत गेलो आणि वर्गात मागच्या बाकावर बसलो.

सनमायकावरून आधी घसरेल, असं सगळ्या मुलांनी सांगितलं. रितिका नावाच्या मुलीने फळी उचलली. गोणपाटावरून ठोकळा घसरला. काचकागदावरूनही, थोडा उशिरा. सनमायकावर मात्र फळी जवळजवळ उभी झाली तरी तो हलेना. संचालक एकमेकांकडे पाहू लागले. मिनलने पुढे होऊन ठोकळ्याला हळूच बोट लावलं. तो घसरला.

"मॅडम, तुम्ही ढकललं त्याले," रितिका म्हणाली.

मिनलने ठोकळा उलटा केला. तळाला तेल आणि हळदकुंकवाचा चिकट थर होता; खरखरीत गोणपाटाला नाही, पण गुळगुळीत सनमायकाला तो घट्ट चिकटत होता. मला सगळं कळलं. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पूजेला मांडतात. रुख्मिणीने, माझ्या बायकोने, या वर्षी शिलाई मशीनशेजारी सुनेची फळी आणि ठोकळाही मांडला होता.

मी उभा राहिलो. ते पूजेचं तेल आहे, एवढंच कसंबसं म्हणालो. एक संचालक हसले. "विज्ञानाच्या तासाले पूजा? बसा काकाजी." तेलाने काय झालं तेच मुलांना शोधू द्या, हे पुढचं वाक्य मला सुचलं होतं. तोंडातून निघालं नाही. मी बसलो.

मिनलने मात्र तेच केलं. आपण बोट लावलं हे चुकलं, असं तिने मुलांना सांगितलं आणि ठोकळा त्यांच्या हातात दिला. मुलं गर्दी करून तो चाचपू लागली. तोवर संचालक उठले होते. बाहेर मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या की प्रयोग कुणाचाही फसतो, पण ते बोट सगळ्यांनी पाहिलं. आता काही होणार नाही.

रुख्मिणी दारातच वाट पाहत होती.

"काय झालं वं?"

"दुसऱ्या बाईंना घेतलं, आई. त्या जास्त शिकलेल्या आहेत."

"अन् आपला ठोकळा?"

"घसरला." दुसऱ्या बाई कुणी नव्हत्याच, पण तेलाचं नाव तिने काढलं नाही.

रुख्मिणीने देवघराकडे पाहून हात जोडले. पुढच्या खेपेस होईल, म्हणाली.

धर्मेंद्रने सगळं ऐकलं होतं. "उद्या दवाखान्यात नाही जात मी," तो भिंतीकडे पाहत म्हणाला.

"जायचंच आहे," मिनल म्हणाली. मग ती माझ्याकडे पाहू लागली; पैसे कुठून येणार ते आता मलाच सांगायचं होतं.