उलटा ठेवलेला जपान

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, जपानचा. जेवणाच्या टेबलावर पसरला तर सगळे टेबल व्यापतो, एवढा मोठा. नकाशाला धक्का बसू शकतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही नव्हता. पण मला जो बसला तो अजून ओसरलेला नाही, म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. शाळांसाठी देशोदेशीचे नकाशे काढायचे काम तिथे आले होते. एकावर एक चार रंग चढले तेव्हा कुठे माझा समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी झाले. मग मला एका तरुण मुद्रितशोधकाच्या टेबलावर ठेवले. छापलेल्या मजकुरातल्या चुका शोधणे हे त्याचे काम. शेजारचा सहकारी मूळ यादीतले एकेक नाव मोठ्याने वाची आणि हा माझ्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर पडताळी. टोकियो, क्योटो, हिरोशिमा करत बोट सरकत होते, ते एका जागी थबकले.

"इथे 'ओकासा' झालंय," तो म्हणाला. "ओसाका पाहिजे."

त्याने लाल शाईने माझ्यावर खूण केली. ती चूक त्याच्या नजरेतून सुटली असती, तर हजारो मुलांनी परीक्षेत ओकासा लिहिले असते. छापखान्याच्या मालकांनी त्याची पाठ थोपटली. माझी सुधारलेली भावंडे शाळाशाळांत गेली. मी राहिलो खुणा केलेली कच्ची प्रत, विकायला नालायक. त्याने मला गुंडाळून घरी नेले.

पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली. मी त्यांच्या अभ्यासाच्या टेबलाच्या वर, भिंतीला लागलो. मोठ्या मुलीला घरात सगळे मासोळी म्हणत, कारण चालायला शिकली तशी ती पाण्यात उतरली. तिने अक्षरे माझ्यावरच ओळखली. 'क्यूशू' हा शब्द जमला त्या दिवशी ती तो घरभर ओरडत फिरली होती. धाकटा मुलगा मास्तर. आगगाड्यांच्या वेळा त्याला पाठ असत, म्हणून आधी स्टेशनमास्तर आणि मग नुसता मास्तर. ते दिवस माझ्या मानाचे होते.

मग दोघांच्या हातात फोन आले. भिंतीला रंग द्यायचे निमित्त झाले आणि माझी सुरळी कपाटामागे गेली ती गेलीच. सात वर्षे मी तिथे उभा होतो. कसरीने माझ्या समुद्राचा एक कोपरा खाल्ला. जमिनीला तोंड लावले नाही, एवढेच नशीब.

एका रविवारी दुपारी मला बाहेर काढले. धूळ झटकली, चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, शब्दकोश, पाण्याचा तांब्या आणि मास्तरचा बूट ठेवला. बूट त्याच्या आईने लगेच उचलून तिथे वाटी ठेवली.

"या उन्हाळ्यात आपण जपानला जायचं," बाबा म्हणाले. "तीन आठवडे. अकरा शहरं."

हे बाबा म्हणजे तोच मुद्रितशोधक. आता केस पांढरे झाले होते.

"या उन्हाळ्यात?" मासोळी म्हणाली. ती आता सोळा वर्षांची होती. "बाबा, या उन्हाळ्यात माझी निवड चाचणी आहे. चार वर्षं मी पहाटे उठून पोहते ते कशासाठी?"

"चाचणी पुढच्या वर्षीही असेल."

"जपानही असेल."

आई परिचारिका होती. दवाखान्यातून दमून आलेली. ती म्हणाली, "अहो, तिचं बरोबर आहे. पुढच्या वर्षी जाऊ या."

"नाही. याच उन्हाळ्यात."

एवढा हट्ट त्यांनी कधी कशाचा केला नव्हता. पुढचे तीन महिने दर रविवारी मला पसरायचे आणि दर रविवारी भांडण व्हायचे. मासोळी तोंड फुगवून बसे. मास्तर फोनवर गाड्या शोधून सांगे, की अकरा शहरे या दिवसांत बसतच नाहीत, धापा टाकत पळावे लागेल. बाबा ऐकूनच घेत नसत. माझ्यावर बोट ठेवून बोलत सुटत. कुठे उतरायचे, कुठून कुठे जायचे, सगळे तोंडपाठ. आणि कुठल्या मुक्कामाची माहिती आली, की म्हणत, "मासोळी, वाच बघू मोठ्याने."

"तुम्हीच वाचा ना."

"चष्मा बदलायचाय माझा."

आजकाल ते समोरच्याकडे सरळ बघतच नसत. मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. मास्तर बहिणीच्या कानात म्हणाला, "बाबा असे तिरके का बघतात? जसं काही आपण चोरून खाऊ खाल्लाय."

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. माझ्यावर बोट ठेवण्याआधी ते टेबलाच्या कडेपासून हळूच वितीने मोजत. दोन विती आत आणि चार बोटे वर, की टोकियो. मला वाटे, जुनी सवय असेल. मित्रांनो, इतक्या जवळ असून मला कळले नाही, याची मला लाज वाटते.

तो रविवार उजाडला. जेवणे झाली, मला पसरले आणि बाबा हात धुवायला गेले. मास्तर म्हणाला, "ताई, पैज लाव. बाबांचं आपल्याकडे काय, नकाशाकडेही लक्ष नसतं. नुसतं पाठ केलेलं म्हणतात. बघ आता गंमत." आणि त्याने मला गर्रकन फिरवून उलटा ठेवला.

मासोळीने अडवले नाही. उलट मला तसाच नीट पसरून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवली. रागाचे असे असते, की त्याला गंमत लवकर पटते.

माझा देश तिरका आहे. उलटा ठेवला तरी वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडेच जातो. पण अक्षरे तर डोक्यावर उभी होती, आणि तांब्याएवढ्या मोठ्या टायपात 'जपान' हे नाव शीर्षासन करत होते. कुणीही एका क्षणात ओळखले असते.

बाबा येऊन बसले. वितीने मोजले. बोट ठेवले. "हे टोकियो. इथे आपण उतरायचं."

बोट समुद्रात होते.

मास्तरने हसू दाबायला तोंडावर हात धरला. बाबांचे बोट पाण्यातून पुढे निघाले. "इथून क्योटो." तेही पाणीच. "आणि हे हिरोशिमा." आता बोट पार उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर चढले होते. बाबांचा आवाज इतका भरवशाचा होता, की ऐकणाऱ्याला शंकाही आली नसती. मास्तरला हसू आवरेना. मासोळीही हसत होती, आणि मग तिचे हसू जागच्या जागी थांबले.

तिने बापाच्या बोटाकडे पाहिले. मग त्यांच्या डोळ्यांकडे. डोळे माझ्यावर नव्हतेच, ते मिठाच्या बरणीकडे लागले होते.

"बाबा," ती हळू म्हणाली, "तुमच्या बोटाखाली काय लिहिलंय?"

"हिरोशिमा."

"वाचून सांगा."

"अगं, सांगितलं की."

"पाठ म्हणू नका. वाचा."

आई फळे चिरून ताटली घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. बाबांनी दोन्ही तळहात माझ्यावर फिरवले. कडेने फिरवत फिरवत त्यांची बोटे त्या कोपऱ्याशी आली, जिथे कसरीने कागद खाल्ला होता. तो कोपरा त्यांच्या डाव्या हाताशी असायला हवा होता. तो उजव्या हाताशी होता.

"उलटा आहे का?" त्यांनी विचारले.

मास्तरचा हात तोंडावरच होता, पण त्यामागे आता हसू नव्हते.

"डाव्या डोळ्याने मला मधलं काही दिसत नाही," बाबा म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. बरोबर जिथे बघायला जावं, तिथेच डाग. उजवाही त्याच वाटेवर आहे, त्याने अक्षरं पुसल्यासारखी दिसतात."

"कधीपासून?" आईने विचारले. ताटली अजून तिच्या हातातच होती.

"वर्ष झालं. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, मशीनमध्ये कागद सरकतोय. मशीनवाल्याशी भांडलोसुद्धा. मग एका पाठ्यपुस्तकातली आख्खी ओळ माझ्या हातून सुटली. मालकांनी दोन महिन्यांपूर्वी मला तपासणीच्या टेबलावरून उठवलं. आता मी पुस्तकांचे गठ्ठे बांधतो."

"आणि तुम्ही रोज डबा घेऊन जात होतात," आई म्हणाली.

"डॉक्टरांना दाखवलं होतं?" मासोळीने विचारले.

बाबांनी माझी कड चाचपली. "एकदा. ते म्हणाले, लगेच इंजेक्शन द्यायला हवं. डोळ्यात. मी अर्ज भरला. बाकावर बसलो. माझं नाव पुकारलं. आणि मी उठून, जिना उतरून घरी आलो."

आईने ताटली माझ्यावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ सोडलीच.

"मी दिवसाला चाळीस इंजेक्शनं देते," ती म्हणाली. "चार वर्षांची पोरं माझ्यापुढे हात करतात. नुसत्या चालण्यावरून मी माणसाचा ताप ओळखते. आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून जेवणारा माणूस..." ती खुर्चीवर बसली.

"मला भीती वाटली गं," बाबा म्हणाले. "दुसरं काही कारण नाही."

 

"म्हणून याच उन्हाळ्यात, दिसतंय तोवर," मासोळी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा पांढराफटक. "तीन महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला नको नको ते ऐकवलं. आणि तुम्ही मला चिडू दिलंत."

"सांगितलं असतं तर तू माझी कीव करून चाचणी सोडली असतीस."

"सोडायची की नाही, ते मी ठरवलं असतं ना."

मास्तर उठला, त्याने वजने उचलली, मला सुलटा केला आणि पुन्हा वजने ठेवली. "बाबा, माझं चुकलं," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई बाबांना दंडाला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर जे बोलणे झाले, ते मी टेबलावरून ऐकले. आठ महिने आधी आले असते, तर दोन्ही डोळे राखता आले असते, असे डॉक्टर म्हणाले होते. डावा गेला. उजवा सांभाळता येईल, पण दर महिन्याला सुई घ्यावी लागेल. पहिली घेऊनच आले होते.

"दुखलं?" मास्तरने विचारले.

"मुंगी चावल्याइतकं," बाबा म्हणाले, आणि मग रडू लागले. मुंगीएवढ्या दुखण्याला घाबरून एक डोळा गमावल्याचे ते रडणे होते. ते ऐकवत नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी कोणी भांडले नाही. मासोळीने वही घेतली. "माझी चाचणी बारा तारखेला संपते," ती म्हणाली. "ती मी देणार. बाबांची पुढची सुई चौदाला. त्यानंतरची पुढच्या महिन्यात चौदाला. म्हणजे मध्ये जागा आहे."

"फार दगदग नको," आई म्हणाली. "सुईनंतर दोन दिवस विश्रांती. मग निघायचं. आणि तीन आठवडे नाही, बारा दिवस."

"अकरा शहरंही नाहीत," मास्तर म्हणाला. "चार ठिकाणं. प्रत्येकाचं एक."

मासोळीने समुद्र मागितला, पोहण्याजोगा. मास्तरने अर्थातच वेगवान आगगाडी. आई म्हणाली, "मला असं एक ठिकाण द्या जिथे गरम पाण्यात पाय सोडून बसायचं आणि कोणी मला हाक मारायची नाही."

"आणि बाबा, तुम्हाला?"

"फुजी पर्वत," बाबा म्हणाले. "तो मोठा आहे. तेवढा तरी चुकणार नाही."

आधी कोणाला हसावे की नाही ते कळेना. मग आईच हसली, आणि तिच्यामागून सगळे.

मास्तरने त्या संध्याकाळी आईची शिवणाची जाड सुई घेतली आणि मला पालथा घातला. ठरलेल्या मार्गावर मागच्या बाजूने तो एकेक टोचा मारत गेला, म्हणजे पुढच्या बाजूला बारीक उंचवटे उठतील. मुक्कामाच्या जागी चार टोचे जवळजवळ. मला भोके पडत होती. सात वर्षे कपाटामागे अंधारात उभे राहण्यापेक्षा ती मला बरी वाटली. बाबांनी त्यावरून बोट फिरवले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मुलगा श्वास रोखून उभा राहिला.

"कळतंय," ते म्हणाले.

मासोळीची निवड झाली नाही. अर्ध्या सेकंदाने हुकली. घरी येऊन तिने बॅग आपटली, दोन तास कोणाशी बोलली नाही, आणि मग स्वतःहून बाबांशेजारी येऊन बसली. "तुमच्यामुळे नाही हां," ती म्हणाली. "ती दुसरी मुलगी खरंच चांगली पोहली."

निघायची सकाळ आली. मला मास्तरच्या पिशवीत उभे खोचले होते, माझे वरचे टोक बाहेर. जिन्याच्या तोंडाशी बाबा थांबले. वर्षभर ते कठड्याला हात लावून, पायऱ्या मनात मोजून, कोणाला कळू न देता उतरत होते. आज ते म्हणाले, "मासोळी, जरा हात दे गं. मला पायरी दिसत नाही."

तिने कोपर पुढे केले आणि विमानात खिडकीची जागा कोणाची, यावर मास्तरशी वाद घालत घालत त्यांना खाली घेऊन गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी तेच तेच वाचून दाखवायला सांगत असेल, तर 'तुम्हीच वाचा' म्हणण्याआधी क्षणभर त्यांच्या डोळ्यांकडे बघा. आणि तुम्हाला स्वतःला काही दिसेनासे, ऐकू येईनासे झाले, किंवा नुसतीच भीती वाटली, तर ते पहिल्या दिवशी सांगा. आम्ही कागद. आमची चूक लाल शाईने दुरुस्त होते, नवी प्रत निघते. माणसाची दुसरी प्रत निघत नाही. तेव्हा एकमेकांना वेळेवर तपासत चला.