विचारपूस

दोघी विद्यापीठात एकाच दिवशी नोकरीला लागल्या. परीक्षा विभागात एक लांबलचक टेबल होतं, त्याच्या एका टोकाला ही आणि दुसऱ्या टोकाला ती. तिथले बडेबाबू जुन्या वळणाचे. नव्या पोरींची नावं त्यांच्या ध्यानात राहीनात, तेव्हा त्यांनी एकीला थोरली केलं आणि दुसरीला धाकटी. वयात काही महिन्यांचं अंतर होतं, पण नावं चिकटली ती चिकटलीच. हळूहळू दोघींच्या खुर्च्या टेबलाच्या मध्यापर्यंत सरकल्या. डबे एकत्र उघडायचे, बाहेर रांग वाढली की एकीनं दुसरीची बाजू सांभाळायची, निकालाच्या दिवसांत घसा बसला की एकीनं खुणा करायच्या आणि दुसरीनं बोलायचं. "ह्या दोघी म्हणजे एक कर्मचारी आणि दोन पगार," असं बडेबाबू म्हणायचे.

धाकटी खात्याच्या परीक्षा देत गेली आणि वर चढत गेली. थोरलीला परीक्षा घ्यायला आवडायचं, द्यायला नाही. "कागदावर मोठं होण्यापेक्षा मी आहे तिथं बरी आहे," असं ती म्हणायची आणि खरोखरच बरी होती. धाकटी उपकुलसचिव झाली, त्या दिवशी थोरली तिच्या नव्या खोलीत येऊन खुर्चीवर गोल गोल फिरून गेली होती.

मग पुढच्याच आठवड्यात सगळ्यांसमोर बैठकीत थोरली म्हणाली, "मॅडम, आमच्या विभागाचं एक म्हणणं आहे."

धाकटीला वाटलं, चेष्टा करतेय. ती हसली. थोरली हसली नाही. त्यानंतर ती एकटी भेटली तरी मॅडमच म्हणायला लागली. आधी धाकटीनं रागावून पाहिलं, मग दुर्लक्ष करून पाहिलं. शेवटी सवय झाली असं तिनं स्वतःला सांगून टाकलं.

नवे कुलगुरू आले आणि त्यांनी ठरवलं की विद्यार्थ्यांना या इमारतीतून त्या इमारतीत पळवायचं बंद करायचं. सगळ्या विभागांची विद्यार्थ्यांशी संबंधित कामं एका दालनात आणायची. जुनं वाचनालय नव्या जागेत गेल्यावर त्याचं मोठं दालन रिकामं पडलं होतं, तेच ठरलं. हे सगळं घडवून आणायची जबाबदारी धाकटीवर आली. मदतीला बाहेरून एक सल्लागार आणले होते. त्यांच्या पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत बाण जायचे, म्हणून कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'बाणवाले साहेब'.

पहिल्या सभेत लोक तोंडं पाडून बसले होते. कोणाची खिडकी जाणार होती, कोणाचा पंखा, कोणाचा इतक्या वर्षांचा शेजारी. हिशेब विभागाचे काका उठून म्हणाले, "मॅडम, खिडकी एक आणि डोकी आम्ही एवढी. डोकवायचं कुठून?" सगळे हसले. धाकटीनं ऐकून घेतलं आणि शेवटी कुलगुरूंनी सांगून ठेवलेलं वाक्य म्हणून टाकलं, "तुमच्या काही कल्पना असतील तर घेऊन या. आम्ही पाठीशी राहू."

कोणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. थोरली आली. बरोबर ग्रंथालयातल्या बाई होत्या आणि वसतिगृहाचे कारकून.

"बसा ना," धाकटी म्हणाली.

"बसतो, मॅडम," थोरली म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. "आमच्या दोन गोष्टी आहेत. एक, दालनात जायच्या आधी रोज दुपारी थोडा वेळ आम्ही एकमेकांच्या जागेवर बसतो. तिथं गेल्यावर शेजारी काय करतो ते कळायला हवं ना? नाहीतर भिंती पडल्या तरी आम्ही आपले आपापल्या खोलीतच राहू."

"आणि दुसरी?"

"दाराशी एक टेबल. त्यावर संगणक नको, नंबराची चिठ्ठी नको. ज्याला काय विचारायचं तेच कळत नाही त्याच्यासाठी. परवा एक मुलगी वसतिगृहाची खोली सोडायचा अर्ज मागत होती. अर्ज दिला असता की माझं काम संपलं असतं. सहज म्हटलं, बैस जरा. तर तिला खोली सोडायचीच नव्हती, विषय सोडायचा होता. आणि घरी कसं सांगू, म्हणून रडत होती. ती तुमच्या त्या नंबराच्या यंत्रावर कोणतं बटण दाबणार?"

धाकटीला कल्पना ऐकताक्षणी पटली. पण समोर कामांचा डोंगर होता. ती म्हणाली, "जागा बदलायचं उद्यापासून सुरू करा. टेबलाचं आधी स्थलांतर होऊ दे, मग बघू."

थोरलीनं मान हलवली आणि तिघं निघाले. पण धाकटीला चैन पडेना. ती मागोमाग गेली आणि तिनं जिन्यात थोरलीला गाठलं.

"रागावलात का?"

थोरली वळली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मग बघू म्हणजे काय ते मला सांगतेस? आपण दोघींनी मिळून किती लोकांना मग बघू म्हणून वाटेला लावलंय, विसरलीस का गं? पाठीशी राहू म्हणालीस. पाठ दाखवू म्हणायचं होतं का तुला? इतकी वर्षं..."

ती बोलत होती आणि धाकटी शिव्या खात असल्यासारखी खाली मान घालून उभी होती. पण तिला आतून इतकं बरं वाटत होतं की ओठ आवळून धरावे लागले. गं म्हणाली. तुला म्हणाली. अजून थोडं बोलू दे, अजून थोडं चिडू दे, असं तिला वाटत होतं.

थोरलीच्या ते लक्षात आलं असावं. ती मधेच थांबली. "चुकलं, मॅडम," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर धाकटी त्या टेबलासाठी हट्टाला पेटली. बाणवाले साहेब म्हणाले, "एक विद्यार्थी तिथं किती वेळात निकाली निघेल?" ती म्हणाली, "निकाली नाही निघणार, मोकळा होईल. वेळ लागेल तो लागेल." ते म्हणाले, सगळ्या आराखड्यात असलं टेबल कुठंच बसत नाही. ती म्हणाली, "मग आराखडा जरा सरकवून बसवा." कुलगुरूंकडे खेटे घातले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक सत्र चालवून बघा. हात दाखवून अवलक्षण झालं तर मात्र टेबल तुमच्या खोलीत नेऊन ठेवीन."

पाटी काय लावायची यावर घोडं अडलं. बाणवाल्यांनी 'चौकशी' सुचवलं. थोरली म्हणाली, "चौकशी पोलीस करतात. आपली माणसं विचारपूस करतात." पाटीवर 'विचारपूस' लिहिलं गेलं.

इकडे दुपारच्या अदलाबदलीला रंग चढला होता. हिशेबाच्या काकांनी वसतिगृहाच्या खुर्चीवर बसून एका दणकट मुलाला मुलींच्या वसतिगृहात जागा देऊन टाकली. तो मुलगा आनंदानं धन्यवाद देऊन गेला, तेव्हा कुठं काकांना शंका आली. तो किस्सा सगळ्या मजल्यांवर फिरला. वर्षानुवर्षं एकमेकांना दूरध्वनीवरच्या आवाजानं ओळखणारी माणसं आता एकमेकांच्या ड्रॉवरमधली पेनं पळवत होती. धाकटी वरच्या मजल्यावर होती. खालून हसण्याची लाट आली की तिची बोटं कळफलकावर थांबायची. त्यात थोरलीचं हसू वेगळं कळायचं. ती हसताना आधी आवाजच फुटायचा नाही, मग एकदम फुटायचा.

एकदा न राहवून ती खाली गेली. दारात पाऊल टाकलं मात्र, हसू थांबलं आणि सगळे उभे राहिले. "बसा, बसा," ती म्हणाली. कोणी बसेना. "सहज आले होते," म्हणत तिनं भिंतीवरचा पंखा निरखून पाहिला, जणू त्याच्याचसाठी आली होती, आणि परत फिरली.

दालनातल्या जागा ठरवताना तिनं स्वतःसाठी पोटमाळ्यावरची काचेची खोली निवडली. त्या काचेतून दाराशी ठेवायचं टेबल सरळ दिसत होतं. टेबलाची प्रमुख म्हणून थोरली. कोणाला यात काही वावगं वाटलं नसतं. कल्पना तिची, अनुभव तिचा. पण धाकटीच्या मनात दुसरंच होतं. दिवसातून कधीतरी मान वर झाली असती, कधीतरी नजर भेटली असती. हळूहळू डबे. तिनं मनातल्या मनात बरंच पुढचं पाहून ठेवलं होतं.

हे सांगायला ती परीक्षा विभागात गेली. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. ते लांब टेबल हमालांनी नेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे ठसे उरले होते आणि भिंतीवर कपाटामागच्या रंगाचे फिके चौकोन. थोरली खिडकीच्या कट्ट्यावर बसून एकटीच दोरी गुंडाळत होती.

"विचारपूस तुमच्याकडे देतेय," धाकटी म्हणाली.

थोरलीनं दोरी बाजूला ठेवली. "मी बदली मागितलीय. गावाबाहेरच्या आवारात. तुमच्याकडे येईलच ते सहीला."

"घरचं काही आहे का?"

"घरी सगळं ठीक आहे."

"मग?"

थोरलीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हमाल कपाट उतरवताना एकमेकांवर ओरडत होते. मग ती म्हणाली, "तुझ्या हाताखाली मला नाही गं जमत. तुझ्या शेजारी जमायचं."

"मी तुला कधी हाताखालची म्हणून वागवलं का?"

"नाही वागवलंस. म्हणून तर जास्त अवघड. तू वाईट असतीस तर मी दोन शिव्या हासडून कामाला लागले असते." ती किंचित हसली. "मॅडमवर चिडायचं असतं तेव्हा तुझ्यावर चिडते. तुझ्याशी बोलायचं असतं तेव्हा मॅडमशी बोलते. एका खुर्चीत दोन बायका, आणि माझी रोज तारांबळ."

"मग मला मॅडम म्हणू नकोस."

"म्हणायला हवं. चार माणसांत मी तुला धाकटी म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तुझा शब्द कोण झेलणार? एवढं तरी मला कळतं."

धाकटी तिच्याजवळ कट्ट्यावर बसली. दोघींच्या मधे दोरीचा गुंडा होता. "मी हे सगळं कशासाठी केलं असं वाटतं तुला?" तिनं विचारलं.

"पोरांसाठी केलंस," थोरली म्हणाली. "तसंच असू दे. चांगलं आहे ते."

बदलीचा अर्ज धाकटीच्या टेबलावर आला. 'कामाच्या निकडीमुळे तूर्त शक्य नाही,' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. काही दिवस तिनं तो फायलींच्या खाली सरकवून ठेवला. थोरलीनं आठवण केली नाही. कोणाकडून निरोपही धाडला नाही. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर आपण काय केलं असतं, असा विचार धाकटीनं केला आणि सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

दालन सुरू झालं तेव्हा व्हायचा तो गोंधळ झाला. नंबराचं यंत्र पहिल्याच सकाळी रुसलं. एकीकडची रांग दुसरीकडच्या रांगेत शिरली. पण माणसं एकमेकांची कामं ओळखून होती. काकांनी वसतिगृहाची खिडकी सांभाळली, ग्रंथालयातल्या बाईंनी प्रवेशाची. आणि दाराशी, विचारपुशीच्या टेबलापाशी, पहिल्या दिवसापासून कोणी ना कोणी बसलेलं असायचं. काही मुलं नुसती पाणी पिऊन जायची. काही बराच वेळ बोलायची आणि शेवटी म्हणायची, "आता कळलं मला कुठल्या खिडकीवर जायचं ते."

सत्र संपल्यावर कुलगुरूंनी टेबल कायमचं केलं आणि भरसभेत धाकटीचं कौतुक केलं. तिनं उठून सांगितलं की कल्पना माझी नाही, आणि थोरलीचं पूर्ण नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. थोरली तिथं नव्हती. गावाबाहेरच्या आवारात त्या दिवशी परीक्षा होत्या.

पुढे एका दुपारी विचारपुशीच्या टेबलावर नेमलेल्या बाईंना अचानक घरी जावं लागलं. धाकटीनं काचेतून ते रिकामं टेबल पाहिलं, आणि कोणाला बोलावण्याऐवजी स्वतःच खाली उतरून तिथं बसली. आजूबाजूच्या खिडक्यांतली कुजबूज बंद झाली. एक मुलगा आला, दप्तर मांडीवर घेऊन बसला आणि गप्प राहिला. धाकटीही गप्प राहिली. कितीतरी वर्षांनी तिच्यासमोर असं कोणी बसलं होतं, ज्याला ती कोण आहे हे ठाऊक नव्हतं.

हळूहळू तो बोलला. आजारपणात त्याचं एक वर्ष गेलं होतं. बरोबरची मुलं पुढच्या वर्गात गेली. परत यायचं तर कुठं बसायचं, जुन्या मित्रांत की नव्या मुलांत, हे त्याला विचारायचं होतं; पण असलं कोणत्या खिडकीवर विचारतात, असं त्याला वाटत होतं. शिवाय जुन्या अभ्यासक्रमाचे विषय नव्यात धरतात का, हेही. तो नियम मधल्या काळात बदलला होता आणि धाकटीला नेमका आठवेना. शेजारच्या खिडकीला विचारता आलं असतं. तिनं गावाबाहेरच्या आवाराचा दूरध्वनी लावला.

थोरलीनंच उचलला. धाकटीनं अडचण सांगितली. थोरलीनं नियम सांगितला आणि वर म्हणाली, "त्याला म्हणावं, प्रयोगशाळेच्या वर्गांना जुन्या मित्रांबरोबर बसता येतं. प्राध्यापकांना फक्त आधी सांगायचं." मग विचारलं, "टेबलावर कोण आहे आज?"

"मीच आहे."

 पलीकडे मागून कोणा बाईचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि थोरली तिला म्हणाली, "आमच्या मॅडम." ती बाई काहीतरी पुटपुटली, आणि थोरली हसली, आधी बिनआवाजाचं, मग एकदम फुटलेलं. कशाला हसल्या ते धाकटीला ऐकू आलं नाही.

"इथं रांग लागलीय," थोरली म्हणाली. "ठेवते हं."

"ठेवा," धाकटी म्हणाली.

मुलगा वाट पाहत होता. तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली आणि प्रयोगशाळेचं काय ते त्याला सांगायला लागली.