तिच्या कमरेचं शिसं

मी शिशाचा ठोकळा बोलतोय. समुद्राच्या तळाशी पडलोय, तेव्हा आवाज जरा जड येईल. तसा तो आधीही जडच होता.

एक आधीच सांगून ठेवतो, मला फारसं काही वाटत नाही. आम्हा शिशांचं तसंच असतं. वितळवलं की वितळतो, ओतलं की बसतो. एका भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात माझा जन्म झाला. जुन्या जाळ्यांची शिसं आणि निकामी बॅटऱ्यांच्या पट्ट्या त्याने कढईत टाकल्या, वरची मळी काढली आणि मला साच्यात ओतलं. पट्टा जायला दोन फटी ठेवल्या, पोटावर दोनाचा आकडा उमटवला. दोन किलो. झालं माझं नामकरण.

तिथून मी या बेटावर आलो, स्कूबा डायव्हिंग शिकवणाऱ्या दुकानात. मागच्या खोलीत ओले रबरी पोशाख टांगलेले असत आणि त्यांच्याखाली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आम्ही. माणूस पाण्यावर तरंगतो, त्याला खाली न्यायला आम्ही लागतो. पण कौतुक सगळं हवेच्या टाकीचं. टाकीबरोबर लोक फोटो काढतात, आम्हाला मात्र परत देताना धपकन टाकून "हुश्श" करतात. आणखी एक गंमत पाहिलीय. आमचा पट्टा बांधताना प्रत्येकजण पोट आत घेतो. तिथे बघायला फक्त मासेच असणार, पण घेतो.

तर एकदा तिथे दोन बायका आल्या. एक साठीची, एक तिशीतली.

"मायलेकी का?" शिकवणाऱ्याने विचारलं. त्याला सगळे कप्तान म्हणत.

"सासू-सुना," थोरली म्हणाली. "भांडताना दिसलो नाही म्हणून चुकलात, होय ना?"

सासूबाई निवृत्त होईपर्यंत तिकिटाच्या खिडकीत बसायच्या, त्यामुळे तोंड चालूच. त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दोन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना कोसळला आणि गेला. तेव्हापासून त्या घरात दोघीच. ही सहल सासूबाईंनीच ठरवली होती. "घरी तरी कुठे बोलतो आपण?" त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा पाण्याखाली गप्प बसू. मासे तरी दिसतील."

सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर शिशाचा एप्रन अंगावर, म्हणजे माझे भाऊबंदच. पट्टा बांधल्यावर ती म्हणाली, "एप्रनसारखं वाटतंय. बरं आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही आपल्यातलीच आहे.

पोहण्याच्या तलावात पहिल्याच दिवशी अडलं. कप्तानाचा एकच नियम, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. सासूबाई धापा टाकत का होईना, शिकल्या. सून मात्र श्वास घ्यायची आणि छातीत धरून ठेवायची. छाती भरलेली, त्यामुळे ती सारखी वर तरंगायची. शेवटी कप्तानाने तिच्या पट्ट्यात आणखी एक वजन ओवलं. तो मी.

पुढचे दिवस मी तिच्या पोटाशीच होतो. आत काय चाललंय ते मला कळत होतं. काही चाललेलं नव्हतं.

तलावाच्या कडेला बाकावर बसली असताना एकदा तिला फोन आला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा होता. ते तिला नोकरी देत होते आणि या आठवड्यात उत्तर मागत होते. "नाही जमणार बहुतेक," ती म्हणाली. "घरी आई आहेत."

मागे सासूबाई टॉवेलने केस पुसत उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

शेवटच्या दिवशी समुद्रात परीक्षा होती. "ताई, आता एक वजन काढू या," कप्तान म्हणाला. "श्वास जमलाय तुम्हाला, गरज नाही."

"राहू द्या," ती म्हणाली.

खाली मासे पाहून झाले, सगळे वर आले, जाकिटात हवा भरून तरंगू लागले. शेवटचा धडा सोपा होता. अडचणीत सापडलात तर बकल उघडायचं, पट्टा अंगापासून लांब धरायचा आणि सोडून द्यायचा. सासूबाईंनी सोडला. कप्तानाने बुडी मारून वाळूतून तो वर आणला. तेवढ्यात प्रवाहाने सगळ्यांना पुढे नेलं, आणि आता खाली वाळू नव्हती. गडद निळं पाणी होतं.

सुनेने बकल उघडलं. उजव्या हातात पट्टा लांब धरला. आणि तशीच थांबली.

"सोडा, ताई."

"इथे खोल आहे. हरवेल."

"हरवू दे. शिसंच आहे ते. माझ्याकडे क्रेट भरून आहे."

तिने सोडलं नाही. पट्ट्याच्या ओझ्याने पाणी ओठांपर्यंत आलं. कप्तान हात पुढे करणार, तोच सासूबाई मध्ये आल्या.

"पेशंटना काय सांगतेस गं दिवसभर?"

"आई, आत्ता नको."

"सांग ना. श्वास घ्या, धरून ठेवा. मग?"

"मग... सोडा."

"अगं, मग तू 'धरा' म्हणून उठून गेलीस ती परत आलीच नाहीस! दोन वर्षं झाली, बाई." सासूबाईंचा आवाज फाटला. "मला पण त्याची आठवण येते. रोज येते. पण तू माझ्यासाठी अशीच श्वास धरून बसून राहिलीस ना, तर मी तुला कधी माफ करणार नाही. त्या नोकरीला हो म्हण."

सुनेचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं. "तुम्ही एकट्या जेवाल?"

"जेवेन. भरपेट जेवेन. दोनदा वाढून घेईन."

तेव्हा तिने श्वास सोडला. सगळा. तो संपेचना. इतके दिवस तिच्या पोटाशी होतो, पण असा श्वास मी पाहिला नव्हता. आणि तिची बोटं उघडली.

कप्तान माझ्यामागे थोडा खाली आला, मग वळला. मी पडत राहिलो. वर दोन जोडी पाय दिसत होते, अगदी जवळजवळ. मग तेही दिसेनासे झाले.

आता मी इथे आहे. अंगावर शिंपले चिकटलेत, शेजारी एक खेकडा राहतो. मला शोधायला येऊ नका, काही अडलेलं नाही. फक्त कुठल्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायला गेलात आणि आतून एक बाई "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणाली, तर "सोडा" कधी म्हणते तेवढं बघा. आणि जमलं तर विचारा, तुमच्या सासूबाई कशा आहेत? जेवतात ना?

मला काही वाटतं म्हणून नाही हो. सहज विचारलं.