बुंदीचं मुसकं

आसेगावच्या जगदेवला कोणी विचारलं असतं, की बाबा, तुझ्या घरात लाडाचं कोण, पोरगी की कुत्री, तर तो हसून म्हणाला असता, "पोट्टीले विचारा. तिनंच डोक्यावर चढवून ठेवलं तिले." कुत्री म्हणजे बुंदी. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून वैभवीनं ठेवलेलं नाव. चार वर्षांपूर्वी नालीत कुईकुई करणारं पिल्लू तिनं ओढणीत गुंडाळून घरी आणलं होतं. वैभवीची आई त्याच साली गेली होती, त्यामुळे जगदेवनं नाही म्हटलं नाही. घरात तिघं झाली.

दिवाळी झाली आणि वैभवी अकोल्याला नर्सिंग शिकायला गेली. जगदेव शेलूबाजारला एका अडत्याकडे मापारी होता. काट्यावर पोती मोजायची, सुतळीनं तोंडं शिवायची. सकाळी नवाची जीप, परत यायला सहा. तेवढा वेळ बुंदी एकटी. आजवर घरात कोणी ना कोणी असायचं, एकटं राहायची तिला सवय कुठली! पहिल्याच दिवशी ती जीपमागं धावत पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली आणि ट्रकखाली येता येता वाचली. दुसऱ्या दिवसापासून जगदेवनं तिला अंगणात कोंडून बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली.

मग ती रडायला लागली. भुंकली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. पण ही मान वर करायची आणि लांब सूर काढून रडायची, थांबायची, जरा ऐकायची, पुन्हा रडायची.

वैभवीला फोनवर सांगितलं, तर ती डॉक्टरीण असल्यासारखी बोलायला लागली. "बाबा, तिले वाटते तुमी बी माह्यासारखेच गेले न परत येनार नाही. तिले शिकवा लागते. गेट लावून आधी दोनच मिनिटं बाहेर थांबा. ते रडायच्या आत परत या. उद्या पाच मिनिटं, मंग दहा. जाताना लाड करू नोका, आल्यावर बी नाही. माही जुनी ओढनी तिच्या पोत्यावर टाका. सकाळी एक चक्कर मारून आना, दमली का झोपते ते."

"हो हो," जगदेव म्हणाला.

"खरंच कराल न?"

"करतो म्हनलं न वं माय."

केलं काहीच नाही. खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली. पन्नाशीचा माणूस, अख्ख्या बाजारात ज्याच्या मापावर कोणी बोट ठेवत नाही, तो आपल्याच फाटकातून आत-बाहेर, आत-बाहेर करणार? गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. ओढणी तर त्यानं कपाटातून काढलीच नाही. कुत्री फाडून टाकेल म्हणे. पण दर रविवारी पोरीला सांगायचा, "आता दहा मिनिटं राह्यते. आता पंधरा." ती तिकडं खूश व्हायची. "पाहा, म्हनलं होतं न मी!"

होळी झाली, ऊन तापलं. आणि एका सकाळी शेजारची चंदाबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचा सासरा, दौलतराव, वर्षभरापासून खाटेवर होता, अर्धं अंग लुळं. त्याच्या खोलीची भिंत आणि जगदेवच्या अंगणाची भिंत एकच.

"जगदेवभाऊ, राग नोका धरू," ती म्हणाली. "पन घरात दुखनाईत मानूस, आन् भिताडाच्या पल्याड दिवसभर कुत्रं रडून राह्यलं. आमी दोघंबी वावरात जातो. लोकं मले म्हनतात, चंदे, तुह्या सासऱ्याले घ्यायले आलं कोनी. मामाजीच्या जिवाले किती भेव वाटत असन!"

जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दौलतरावानं त्याला काट्याचं काम शिकवलं होतं. बायको गेली तेव्हा तेरा दिवस हाच माणूस त्याच्या अंगणात बसून होता. आणि आपलं कुत्रं त्याच्या मरणाची दवंडी पिटत बसलंय! "वहिनी, आजपासून नाही रडनार," तो म्हणाला. कसं नाही रडणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आत आला आणि त्याची नजर खुंटीवर गेली. दोन वर्षांपूर्वी बैल विकले, पण जुनी मुसकी तिथंच लटकत होती. डवरणीला, उभ्या पिकात औत फिरवताना, बैलानं पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधायची ती मोठी, आणि माती खाणाऱ्या वासराचं एक लहान. आता या माणसाची जन्मभराची सवय बघा: जनावरानं तोंड घालू नये तिथं घातलं, की मुसकं. त्यात वाईट काय? बैलाला बांधतो, वासराला बांधतो. त्यानं वासराचं मुसकं बुंदीच्या तोंडाला लावलं. सैल पडत होतं, म्हणून वरून सुतळीचे तीन वेढे घेतले आणि गाठ मारली, पोत्याला मारतो तशी, न सुटणारी. बुंदीनं काही केलं नाही. तिला वाटलं खेळच असेल. ती शेपटी हलवत बसली.

"संध्याकाळी सोडतो," तो म्हणाला, पाण्याचं भांडं तिच्यापुढं सरकवलं आणि जीप गाठली.

रडणं बंद झालं. चंदाबाईनं संध्याकाळी म्हटलं, "लय उपकार झाले भाऊ." जगदेवनं मुसकं सोडलं तशी बुंदी भांड्यावर तुटून पडली, भांडं रिकामं करून पुन्हा त्याच्याकडं बघायला लागली. सकाळी ठेवलेलं पाणी तोवर तसंच्या तसं होतं. त्याच्या डोक्यात आलं, हिला पिता आलं नाही की काय? पण तो विचार त्यानं झटकला. हो, झटकला, आलाच नाही असं त्याला नंतर कधी म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बांधलं, तिसऱ्या दिवशी बांधलं. तिसऱ्या दिवशी मुसकं हातात घेतलं तशी बुंदी खाटेखाली शिरली. त्यानं तिला पाय धरून ओढून काढलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कुलूप उघडलं, तर बुंदी दारात आली नाही.

ती न्हाणीच्या मोरीत पडली होती, ओल शोधत गेली असेल. नाकाडावर सुतळी रुतून कातडं सुजून वर आलं होतं, पंज्यांनी ओरबाडून ओरबाडून गाल रक्ताळले होते. डोळे उघडे, पण बघत नव्हते. पोट भराभर हलत होतं. जगदेवनं गाठ सोडायला हात घातला आणि त्याची स्वतःचीच गाठ त्याला सुटेना. विळ्यानं कापावी लागली.

"वहिनी! ओ वहिनी!"

चंदाबाई धावत आली. तिनं एकदा बुंदीकडं पाहिलं, एकदा तुटलेल्या मुसक्याकडं, आणि तोंडातून फक्त "माय वं" एवढंच काढलं. घरची मोटारसायकल तिनंच बाहेर काढली. जगदेव चालवायला, मागं ती, मांडीवर ओल्या लुगड्यात बुंदी. मंगरूळपीरचा दवाखाना येईपर्यंत जगदेवनं गाडी कुठंच थांबवली नाही.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाईन लावलं, अंगावर पाणी मारायला सांगितलं, मग नाकाडाची जखम बघून विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"गावचे पोट्टे लय खोडकर हायत साहेब," जगदेव म्हणाला. एवढं सहज आलं तोंडातून. "कोनं तरी बांधलं असन."

चंदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. ती डॉक्टरला म्हणाली, "साहेब, चूक माही हाय. तिले गप करा म्हनून म्याच मांगं लागली होती."

बाईमाणूस आपला दोष नसताना पुढं होते आणि आपण पोरांच्या आड लपतो! जगदेवच्या कानशिलांना चटका बसला. "नाई साहेब," तो म्हणाला. "म्याच बांधलं. चार दिवस. दिवसभर."

डॉक्टरनं काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं सलाईनचे थेंब बघत सांगितलं, "काका, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते तोंड उघडून उष्मा बाहेर टाकतं. तुम्ही तिचं तेच बंद केलं. एखादा तास आणखी गेला असता, तर आणून उपयोग नव्हता."

बुंदी वाचली. दुसऱ्या दिवशी तिला घरी आणताना चंदाबाई म्हणाली, "मामाजी तुमाले बलावून राह्यले." जगदेव गेला. खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा.

दौलतरावाचं बोलणं अडखळत यायचं, पण कळायचं. "ते बुंदी मेली का रे?"

"नाई काका. हाय."

"चार दिवस झाले आवाज नाही. म्या समजलो मेली." म्हाताऱ्यानं दम घेतला. "सकाळी हे दोघं वावरात जातात. दुपारी सून भाकर देऊन जाते. बाकी दिवसभर मी न हे भिताड. तिकून ते रडे. मले वाटे, चला, मी एकटाच नाही. मी बी इकून हूं म्हनो. मंग ते गप होये. आयके. पुन्हा रडे."

चंदाबाई दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. "मामाजी, तुमाले भेव नव्हतं वाटत?"

"मले कोनं इचारलं?" दौलतराव म्हणाला.

जगदेवला वाटलं भुईत शिरावं. या माणसाच्या नावानं त्यानं ते मुसकं बांधलं होतं. बुंदी रडायची, थांबायची, ऐकायची. काय ऐकायची, ते इतक्या महिन्यांत त्याला कधी सुचलं नव्हतं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन जीव एकमेकांना धरून होते, आणि त्यानं एकाचं तोंड बांधून दोघांनाही एकटं पाडलं होतं.

त्यानं अडत्याकडून आठ दिवसांची सुट्टी घेतली. वैभवीची ओढणी कपाटातून काढून बुंदीच्या पोत्यावर अंथरली. बुंदी तिच्यात नाक खुपसून झोपली. पण जगदेव पाण्याचं भांडं घेऊन वाकला की ती मान फिरवून डोळे मिटायची. हात तोंडाकडं आला की अंग चोरायची. चावली नाही, गुरगुरली नाही. चावली असती तर निदान फिटल्यासारखं वाटलं असतं.

मग सुरू झालं आत-बाहेर. फाटक लावायचं, दोन मिनिटं बाहेर थांबायचं, परत आत. पुन्हा बाहेर. गल्लीतल्या बायका हसल्या. "काहो, घर सापडून नाही राह्यलं का?" जगदेव म्हणायचा, "शिकून राह्यलो." दोनाची पाच मिनिटं झाली, पाचाची दहा. आठवडा सरला तसं तो जीपला जायच्या आधी बुंदीला चक्कर मारून दौलतरावाच्या खोलीत सोडायला लागला, ओढणीसकट. म्हातारा चांगला हात खाटेखाली सोडून ठेवायचा आणि बुंदी त्याच्याखाली पसरायची. भिंतीआडून जगदेव कान देऊन ऐकायचा. रडणं नाही. तो गेला तरी ती आता रडत नव्हती. हवं होतं तेच झालं होतं, आणि तरी तो जीपचा भोंगा वाजेपर्यंत तिथंच उभा राहायचा. त्याच्या जाण्यानं तिचं आता काही अडत नव्हतं.

राहिली वैभवी. ती व्हिडिओ कॉल करायची, "बाबा, बुंदी दाखवा न." हा म्हणायचा, "झोपली हाय." कधी, "नेटवर्क नाही." नाकाडावरचा केस गेलेला पट्टा दिसू नये म्हणून पंधरा दिवस हा खेळ चालला. चंदाबाई एकदा एवढंच म्हणाली, "भाऊ, डॉक्टरले सांगतलं तसं तिले बी सांगून टाका."

त्या रविवारी त्यानं फोन बुंदीसमोर धरला. "हे काय झालं तिच्या तोंडाले?" वैभवी ओरडली.

जगदेवनं सांगितलं. मुसकं, सुतळी, पाणी तसंच राहिलेलं भांडं, खाटेखालून ओढून काढलेलं. आणि हेही, की दहा मिनिटं, पंधरा मिनिटं सगळं खोटं होतं. तिचं सांगणं त्यानं एक दिवसही ऐकलं नव्हतं. मुद्दाम काही गाळलं नाही. तिकडं वैभवी रडत होती की नाही ते त्याला नीट दिसलं नाही, त्याचेच डोळे भरले होते. मग तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लावला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दौलतरावाच्या खाटेशी बसून तो बुंदीला म्हणाला, "बरोबर केलं तिनं." बुंदीनं कान हलवला, जवळ आली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"बुंदी पानी पेते?"

"पेते."

"जखम?"

"सुकली. चक्कर माराले नेतो रोज. ओढनी टाकली तुही."

"हं." तिचा आवाज कोरडा होता. "ठेवते."

फोन बंद झाला. जगदेवनं मोबाइल हातातच धरला होता. काचेवर आकडे दिसत होते. पोरगी मोजून दोन मिनिटं बोलली होती. तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा फोन आला. त्या दिवशी ती पाच मिनिटं बोलली.