चैतीचा चेहरा का उमटेना

जव्हार संस्थानच्या कारखान्यात देवजी मिस्त्री विजेचं काम बघायचा. मुंबईत शिकून आलेला, हाताचा हुशार माणूस. १९३३ च्या हिवाळ्यात त्याने एक वेडं काम काढलं. एका खोलीतल्या माणसाचं तोंड तारेवरून पलीकडच्या खोलीत दाखवायचं. माणसाच्या खोलीत त्याने उजेडाची विजेची लहर करून तारेत सोडणारी नळी ठेवली; पलीकडे पत्र्याच्या मोठ्या चकतीला तीस भोकं पाडली, मागे त्या लहरीवर कमीजास्त पेटणारा निऑनचा तांबडा दिवा लावला. चकती गरगर फिरली की भोकांतून आगपेटीएवढं चित्र दिसायचं.

पांढऱ्या पुठ्ठ्यावरची काळी फुली पहिल्याच दिवशी झकास उमटली. मग त्याने चैतीला समोर बसवलं. ती जवळच्या साखरशेत पाड्यावरची, कारखान्यात रोजावर पाणी भरायची. चित्रात मात्र नुसता काळा डाग.

देवजीने तारेतून येणाऱ्या लहरीचा जोर वाढवला. डाग आणखी गडद झाला. उजेड कमी पडतोय म्हणून त्याने बायोस्कोपवाल्याचा कार्बनच्या कांड्यांचा प्रखर दिवा आणला. तरी तेच. शेवटी त्याने तिला तोंडाला तांदळाचं पीठ फासायला लावलं.

चौथ्या दिवशी दरबारचे कारभारी बघायला आले. डोळा लावून म्हणाले, "यात काही दिसत नाही रे."

"बाई फार काळी आहे, सरकार," देवजी बोलून गेला. "उजेड पुरत नाही."

सगळे हसले. चैती पिठाच्या तोंडाने तशीच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी तिची जाऊ सखी आली. "चैतीचे डोळे सुजले. उघडत नाय. तुज्या दिव्याने."

देवजी चरकला, पण हट्ट सुटेना. "मग आज तू बस."

"आदी तू बस. मी बघते."

तो दिव्यासमोर बसला. दोन मिनिटांत डोळे झोंबू लागले. चैती इथे रोज तासन्‌तास बसली होती. पलीकडच्या खोलीतून सखीचा आवाज आला, "मिस्तरी, तुजा तोंड पन काळाच हाय!"

देवजी गोरापान होता. त्याला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तो उठला आणि निऑनला मिळणारा प्रवाह त्याने पहिल्यांदा मोजून पाहिला. पुठ्ठ्यासाठी लावलेली प्रवाहाची पातळी त्याने माणसासाठी बदललीच नव्हती. मूळ प्रवाह इतका कमी की पांढऱ्याहून जरा कमी उजेड आला की निऑन विझायचाच. वर लहरीचा जोर वाढवून त्याने तो जास्तच विझवला होता. त्याने जोर उतरवला, प्रवाह चढवला, कार्बनचा दिवा मालवून साधा बल्ब लावला. "एवढा दिवा असंल त बसते," म्हणत सखी बसली. चकतीत भुवया दिसल्या, नाक दिसलं, बोलणारे ओठ दिसले.

त्याला आनंद झाला नाही. तो तडक साखरशेतला गेला.

चैती झोपडीच्या अंधारात डोळ्यांवर ओला फडका ठेवून पडली होती. तो दारातच बसला. "चूक माझी होती. तुझ्या रंगाची नव्हती. तो दिवाही नको होता."

"पीठ?" तिने विचारलं.

"तेही नको होतं."

ती भिंतीकडे वळली. तो उठून परत आला.

महिन्याच्या शेवटी कारभारी पुन्हा आले. सखीने यायला साफ नकार दिला, म्हणून कारखान्यातला सोम्या सुतार समोर बसला. त्याचा चेहरा स्वच्छ उमटला. शाबासकी मिळाली, तेव्हा देवजी सगळ्यांदेखत म्हणाला, "सरकार, मागच्या वेळी मी त्या बाईवर खोटा दोष ढकलला. पातळी मीच चुकीची लावली होती."

"बरं, बरं," म्हणत कारभारी पुन्हा चकतीवर वाकले.

चैतीचे डोळे तोवर बरे झाले होते. दोन दिवसांनी ती हंडा घेऊन आली, तेव्हा देवजीने तिला वाटेत गाठलं. "मी सांगितलं त्यांना. सगळ्यांसमोर."

तिने हंडा उतरवला नाही.

"हसले तवा मी तिथं हुती," ती म्हणाली. "तू सांगितलंस तवा मी नव्हती."

देवजी वाटेतून बाजूला झाला. ती पिंपाकडे गेली.